टोपी चालेल, पण बीळ खरं हवं

पलूसजवळच्या एका आईने विचारलंय: "माझी मुलगी पाच वर्षांची आहे. वाढदिवसाला तिला बिळात राहणाऱ्या उंदराचं चित्रपुस्तक मिळालं. त्या बिळात सोफा आहे, दिवा आहे, खिडकीला पडदे आहेत. तेव्हापासून ती उसाच्या बांधावरच्या प्रत्येक भोकाशी जाऊन बसते, वाकून आत बघते, बिस्किटं ठेवते. परवा तर हात घातला. माझे सासरे त्याच बांधावर उंदरांचं औषध टाकतात. ते कळल्यापासून ती आजोबांशी बोलत नाही. असली पुस्तकं बंद करू का? आणि द्यायचीच तर कुठली देऊ?"

मी आधी शिराळा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि गेली 22 वर्षं सांगलीत विश्रामबागेत मुलांचं छोटं वाचनालय चालवते. उंदीर, घूस, खेकडा, मुंगी यांच्या पुस्तकांची पानं आमच्याकडे सगळ्यात आधी फाटतात, म्हणून या विषयावर बोलायला माझ्याकडे बरंच आहे. पण पुस्तकांचं नंतर. आधी हाताचं.

बीळ कुणी खणलं आणि आत्ता आत कोण बसलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "आयत्या बिळात नागोबा" ही म्हण आपल्या माणसांनी डोळ्यांनी बघून केलेली आहे. उसात उंदीर असतात म्हणून नाग आणि घोणस येतात. ते स्वतः असं बीळ खणत नाहीत. उंदराच्या मागे आत शिरतात, त्याला खातात आणि गारव्याला तिथेच पडून राहतात. दुसरं म्हणजे उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत राहतात आणि हातावरच्या बारीकशा खरचटण्यातूनही शरीरात जातात. तिसरं तुमच्याच बांधावरचं. उंदरांसाठी वापरतात ते झिंक फॉस्फाईड ही काळसर पूड असते. ती भरड्यात तेल, कधी गूळ घालून कालवतात आणि गोळ्या बिळात सोडतात. पाच वर्षांच्या मुलीला ती गोळी लाडवासारखी दिसते. या विषावर नेमका उतारा नाही. त्यामुळे औषध टाकलेला बांध कुठला, ते आजोबांनी घरात सगळ्यांना सांगायचं आणि तिकडे मुलीने एकटीने जायचं नाही. यात तडजोड नको.

तिला हे सांगताना साप चावेल, अमुक होईल अशी भीती घालू नका. भीतीने मूल तुमच्यादेखत थांबतं आणि तुमची पाठ वळली की पुन्हा जातं. तिच्या पुस्तकाने तिला आधीच शिकवलंय की बीळ म्हणजे कुणाचं तरी घर. तेच धरून बोला. "हे घर आत्ता कुणाचं आहे, ते आपल्याला माहीत नाही. दुसऱ्याच्या घरात आपण हात घालत नाही." आमच्या वाचनालयात नियम आहे, बीळ डोळ्यांनी बघायचं. तो मुलंच एकमेकांना सांगतात.

आता पुस्तकं. बंद मुळीच करू नका. तुमच्या लेकीने जे केलं ते कुठल्याही चित्रपुस्तकाला मिळालेलं सर्वांत मोठं बक्षीस आहे. पानावर बघितलं, मग उठून बांधावर जाऊन तपासलं. अडचण इतकीच की पुस्तकाने तिला जे सांगितलं ते तपासायला गेल्यावर खोटं निघालं. आत दिवा नव्हता, पडदे नव्हते. म्हणून ती आणखी आत वाकली आणि शेवटी हात घातला. मी तिच्या जागी असते तर मीही घातला असता.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. प्राण्याला टोपी घाला, बोलतं करा, त्याला मामा म्हणा, पण बीळ खरं ठेवा. टोपीवाल्या उंदराची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली. ती ऐकून एकाही मुलाने घरातल्या उंदराला शिंप्याकडे नेलं नाही, कारण उंदीर कसा असतो ते मुलाला आधीच माहीत होतं. त्याने तो कणगीमागे पळताना बघितला होता, त्याच्या लेंड्या बघितल्या होत्या. टोपी ही गंमत आहे, हे त्याला न सांगता कळत होतं. बिळाच्या आतलं मात्र कुणीच बघितलेलं नसतं, मुलानेही नाही आणि वाचून दाखवणाऱ्या आईनेही नाही. तिथे चित्रकार जे दाखवेल तेच खरं ठरतं. म्हणून जमिनीखालचं चित्र काढणाऱ्यावर जास्त जबाबदारी असते.

याला आधार देणारा एक अभ्यास आहे. टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2014 साली प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना फारशा ओळखीच्या नसलेल्या प्राण्यांची चित्रपुस्तकं वाचून दाखवली. काहींमध्ये प्राणी जसे असतात तसे होते, काहींमध्ये ते माणसासारखे वागत-बोलत होते. माणसासारख्या प्राण्यांची पुस्तकं ऐकणारी मुलं त्या प्राण्यांबद्दलची खरी माहिती कमी शिकली आणि माणसाचे गुण मात्र त्यांना जास्त चिकटवू लागली. यातला "ओळखीच्या नसलेल्या" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. ओळखीच्या प्राण्याला कपडे घालायला हरकत नाही. अनोळखी प्राणी मात्र मुलाला आधी उघडाच भेटायला हवा. तुम्हाला पुस्तक निवडताना एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ आहे.

आणि आपल्या मुलांच्या हातात जी अनुवादित पुस्तकं येतात, त्यांतले बिळात राहणारे बहुतेक प्राणी अनोळखीच असतात. इंग्रजीत ज्याला मोल म्हणतात तो घ्या. फावड्यासारखे पंजे, मखमली अंग, जवळजवळ मिटलेले डोळे, सगळं आयुष्य बोगद्यात. हा प्राणी आपल्या महाराष्ट्रात नाही. भारतात तो पूर्व हिमालय आणि ईशान्येकडे सापडतो. अनुवाद करणाऱ्याला मराठी शब्द मिळत नाही, मग तो "चिचुंद्री" लिहून मोकळा होतो. मला याचा फार त्रास होतो, कारण चिचुंद्री आपल्या घरात आहे, मुलाने ती बघितलेली आहे. आमच्याकडे एका मुलाने असं पुस्तक वाचलं आणि चार दिवसांनी येऊन म्हणाला, "आमच्या मोरीतल्या चिचुंद्रीला फावडं नाहीये, ती खोटी आहे का?" पुस्तक छापलेलं, म्हणून ते खरं आणि डोळ्यांनी बघितलेली ती खोटी!

चिचुंद्रीचं तर स्वतःचं एक सुंदर पुस्तक व्हायला हवं. लोक तिला उंदीर समजतात, पण ती उंदराच्या कुळातली नाहीच. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे, हिचे बारीक आणि टोकदार. ती झुरळं, किडे खाते, म्हणजे घरात उपकारच करते. दिसतं कमी, म्हणून भिंतीच्या कडेकडेने नाक हलवत पळते. आणि पिल्लांना जागा बदलायची झाली की पहिलं पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला, आणि अशी आगगाडी निघते. चित्रपुस्तकाला याहून चांगलं जोडपान कुठून आणायचं? उघडलेल्या दोन पानांवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, भिंतीच्या बुडाशी एक आई आणि मागे पाच डबे.

सशाचंही तेच. परदेशी पुस्तकांतला ससा जमिनीखाली राहतो, खाली त्याचं आख्खं गाव असतं, आणि त्यांच्या सशाबद्दल ते खरं आहे. आपल्या माळावरचा ससा वेगळा. तो बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी अंगाच्या मापाचा खळगा करतो आणि तिथे दबून बसतो. तिकडच्या सशाची पिल्लं आंधळी आणि बिनकेसांची जन्मतात, म्हणून त्यांना बिळाची ऊब लागते. आपल्या सशाची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. दोघांना मराठीत ससाच म्हणतो आपण, म्हणून घोटाळा होतो. असं पुस्तक हातात आलं तर फेकू नका. वाचताना एकच वाक्य जोडा, "हा लांबच्या देशातला ससा, आपला गवतात झोपतो." मुलांना असा फरक फार आवडतो, ती तो घरोघर सांगत सुटतात. साळिंदराच्या पुस्तकात मात्र ते काटे बाणासारखे फेकताना दाखवलं असेल तर स्पष्ट सांगा की तसं होत नाही. साळिंदर पाठ वळवून अंगावर येतं, काटे टोचतात आणि सुटून तिथेच राहतात, एवढंच.

मग खरं बीळ कसं असतं? तुमच्या बांधावर बहुतेक लहान घूस असणार, शेतातली. तिच्या बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि पुष्कळदा ती ते तोंड आतून मातीने बंद करून घेते. आत बोगदा सरळ जात नाही, फाटे फुटतात. एका खोलीत पाचट, पानं यांचे तुकडे करून केलेलं अंथरूण, दुसरीकडे धान्याचा साठा. कणसंच्या कणसं ओढून नेते ती. आणखी एक-दोन वाटा अशा, की ज्यांच्या तोंडावर मातीचा पातळ थर राखलेला असतो. संकट आलं की डोक्याने धडक द्यायची आणि बाहेर. एका बिळात मोठं जनावर बहुधा एकच, असली तर आई आणि तिची पिल्लं. म्हणजे पुस्तकांतली ती जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली आजी-आजोबा-काकांची बैठक इथे नसते. आणि दिवा नसतो. सगळा कारभार अंधारात, मिशांनी चाचपत आणि वास घेत. मुलाला हे कळलं की त्याला अंधाराची भीती थोडी कमी वाटते, हे मी अनेकदा बघितलंय. अंधारात कुणीतरी मजेत राहतं, तिथेच त्याची पिल्लं मोठी होतात.

पुस्तक विकत घेताना मी पहिल्यांदा जमिनीच्या छेदाचं पान शोधते. म्हणजे सुरीने केक कापावा तशी जमीन कापून दाखवलेलं चित्र. त्यावर बोट ठेवायचं आणि बिळाच्या तोंडातून आत चालत जायचं. बोट कुठे अडतं का? पळायची दुसरी वाट आहे का? खणलेली माती कुठे गेली, ते दिसतं का? वरच्या झाडाची मुळं खाली आलीत का? बोगदा प्राण्याच्या मापाचा आहे की दिवाणखान्याएवढा? मग मातीचा रंग बघते. बहुतेक पुस्तकांत वरपासून खालपर्यंत एकच चॉकलेटी रंग फासलेला असतो. कृष्णाकाठचं मूल हे बघून फसतं, जतचंही फसतं. तुमच्याकडे वर काळी माती, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा, खाली पांढरट थर, मग मुरूम. जत-आटपाडीकडे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. प्राणी कुठे खणेल आणि किती खोल जाईल, ते या थरांवर ठरतं. ज्या चित्रकाराने हे थर काढलेत, त्याने कुठेतरी उकरलेली जमीन थांबून बघितली आहे. असं पुस्तक मी किंमत न बघता घेते.

बांधणीही बघायची. बिळाची मुख्य खोली नेमकी दोन पानांच्या मधल्या घडीत गेली असेल तर ते चित्र वाया गेलं. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं बरी. उघडझाप करायच्या खिडक्या असलेली पुस्तकं या विषयाला छान शोभतात, पण त्या खिडक्या आठवडाभरात हातात येतात. मी मागून कापडी पट्टी लावून मगच बाहेर काढते.

कुठे मिळतील? नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं अजूनही खिशाला परवडणारी आहेत. चेन्नईचं तुलिका मराठीतही चित्रपुस्तकं काढतं आणि त्यांतली माती, माणसं आपल्याकडची वाटतात. पुण्या-मुंबईकडे ज्योत्स्ना प्रकाशन आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे मराठीतली कितीतरी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, छापून घेता येतात. तिथे भाषांतराचा दर्जा वरखाली असतो, म्हणून आधी स्वतः वाचून बघा. प्राण्याचं नाव चुकलं असेल तर छापलेल्या पानावर पेनने दुरुस्त करून द्या. मुलाच्या देखत केलंत तर आणखी चांगलं.

आता वाचून कसं दाखवायचं. घाई नको. छेदाचं पान आलं की खालचा अर्धा भाग वहीने झाका. फक्त वरचं गवत आणि एक भोक दिसू द्या. "आत काय असेल?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं मोठ्यांना जमत नाही, मलाही जमायला पाच-सहा वर्षं लागली. मूल जे सांगेल ते सांगू द्या, चूक म्हणू नका. मग वही हळूहळू खाली सरकवा. तेच पुस्तक 40 वेळा मागितलं तर 40 वेळा वाचा. प्रत्येक वेळी ते त्या बोगद्यात आणखी थोडं आत जात असतं. घरी कॉटवरून आईची जुनी साडी सोडून बीळ करून द्या आणि त्यात बसून वाचा. मूल असंही पलंगाखाली, कणगीमागे, चादरीत घर करतंच. बिळातल्या प्राण्यांवर मुलांचा इतका जीव का असतो, याचं उत्तर मला तिथेच सापडलं.

एक चूक मी केली होती, ती सांगते. एका पुस्तकात साप बिळात शिरतो आणि पिल्लांतलं एक जातं, असं पान होतं. समोर लहान मुलं होती, मी दोन पानं एकदम उलटली. एक चार वर्षांची मुलगी उठली, माझा हात बाजूला केला, पान मागे घेतलं आणि म्हणाली, "इथे तीन होती, आता दोनच आहेत." तिने मोजली होती. मी ते पान वाचलं. कुणी रडलं नाही. एकाने विचारलं, "सापाला भूक लागली होती का?" मी म्हटलं, "हो." त्यानंतर मी कधी पान गाळलं नाही.

हे सांगितलं ते तुमच्या आजोबांच्या प्रश्नासाठी. मुलीपुढे आजोबांना दुष्ट ठरवू नका, आणि त्यांची बाजू घ्यायची म्हणून उंदराला चोर-राक्षसही करू नका. घूस उसाची कांडी बुडाशी कुरतडते, मग कांडी वाळते, किडते, वाऱ्याने पडते. आजोबांनी 12 ते 18 महिने राखलेलं पीक असतं ते. उंदराला पोट आहे आणि आपल्यालाही आहे, हे पाच वर्षांच्या मुलीला कळतं. तिला वाईट वाटणारच, ते वाटू द्या. आणि तिला आजोबांजवळ बसवा, कारण तुमच्या घरात बिळांचा सगळ्यात मोठा जाणकार तोच माणूस आहे. औषध टाकण्याआधी शेतकरी सगळी भोकं मातीने बुजवतात आणि दुसऱ्या दिवशी उकरलेली तेवढीच जिवंत धरतात. ताजी माती कशी ओळखायची, खेकड्याचं भोक आणि उंदराचं भोक यांत फरक काय, हे त्यांना विचारायला लावा. गव्हाणी घुबड रात्रीतून किती उंदीर उचलतं, ते त्यांनी बघितलं असेल. शेतात घुबड टिकलं तर औषध कमी लागतं, ही गोष्ट तिने आजोबांना सांगितली तर ते ऐकतील. तुम्ही सांगितली तर कदाचित नाही ऐकणार.

जमिनीखाली कुणी राहतं याची जाण आपल्या लोकांना नवी नाही. मी शिराळ्याकडे असताना नागपंचमीची कहाणी दरवर्षी सांगायचे. शेतकऱ्याच्या नांगराने वारुळातली नागाची पिल्लं मरतात, आणि म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचं नाही. मुलं एकदम गप्प होत ऐकायची. मग मी विचारायचे, वारूळ कुणी बांधलं? सगळे म्हणायचे नागाने. बांधते वाळवी, मातीत लाळ कालवून, कण कण रचून. नाग तिथेही आयताच. सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग येताना वाटेतल्या वारुळाची उंची काठीने मोजून आलेला असायचा.

आपल्याच भागात जमिनीखालचे किती रहिवासी आहेत! चांदोलीकडच्या ओल्या जंगलात देवगांडूळ असतं. दिसायला मोठ्या गांडुळासारखं, पण ते बेडकाच्या नात्यातलं, पाठीचा कणा असलेलं. खापरखवल्या नावाचा बिनविषारी साप असतो, ज्याची शेपटी खापराच्या तुकड्याने घासल्यासारखी तिरपी कापलेली. मातीत डोकं खुपसून पुढे जातो आणि गांडुळं खातो. खवले मांजर असतं, एकही दात नाही, लांब जिभेने मुंग्या-वाळवी टिपतं आणि पुढच्या नख्यांनी स्वतःचं बीळ खणतं. मांडूळ तर जीव मुठीत धरून जगतंय, कारण त्याला दोन तोंडं असतात आणि ते गुप्तधन दाखवतं अशा समजुतीपायी त्याची चोरटी विक्री होते. त्याची शेपटी फक्त बोथट असते. एखाद्या चित्रपुस्तकाने ती शेपटी नीट काढून दाखवली तर दहा वर्षांनी कुणीतरी एक मांडूळ पोत्यात भरणार नाही. हे मला मनापासून वाटतं. अशी पुस्तकं मराठीत व्हायला हवीत, आणि ती पुण्यात बसून नाही, इथे शिराळ्यात, पाटणमध्ये राहून कुणीतरी काढायला हवीत.

ती येईपर्यंत घरीच करा. ऑगस्ट 2019च्या महापुरानंतर आम्ही केलं होतं. वाचनालयाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले होते, पुस्तकं उन्हात वाळत टाकलेली होती आणि मुलं त्यांच्यामध्ये बसलेली. एकाने विचारलं, "बिळातले सगळे कुठे गेले?" माझ्याकडे त्याचं उत्तर देणारं एकही पुस्तक नव्हतं. मग आम्ही शेतकऱ्यांना विचारलं, सर्पमित्रांना विचारलं. उंदीर चांगले पोहतात, झाडावर, बांधावर चढतात. घरांत साप निघाले ते यामुळेच, त्यांचीही बिळं भरली होती. आणि पुष्कळ जण बुडाले, आतल्या आत. मुलांनी हे सगळं काढलं. एका मुलीने पूर्ण पान निळं रंगवलं आणि खाली, अगदी खाली, बिळाचा आकार रिकामा सोडला. ते पुस्तक 16 पानांचं, दोरा घालून शिवलेलं, अजून आमच्याकडे आहे. तेच सगळ्यात जास्त मागितलं जातं.

तुमच्यासाठी सोपी सुरुवात सांगते. चार कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, मधून टाका घाला, 16 पानं झाली. पहिल्या पानावर तिचा बांध तिने काढायचा. मग एखादा जीव असा निवडा की ज्याच्या दाराशी बसायला धोका नाही. घराच्या वळचणीला, पाऊस न लागणाऱ्या बारीक कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे लहान खड्डे असतात बघा. तळाशी एक किडा मातीत अंग लपवून बसलेला असतो. मुंगी घसरली की तो खालून माती उडवतो, ती आणखी घसरते, आणि तो तिला जबड्यात धरतो. मोठा झाला की पंख फुटून नाजूक चतुरासारखा दिसतो. तिथे ती तासभर बसली तरी चालेल, गवताच्या काडीने कडेची माती खाली पाडून बघू द्या. पावसाळ्यात गांडुळाने वर आणून टाकलेल्या मातीच्या गुठळ्या आहेत. भिंतीच्या कडेला अळी ओढून आणणारी गांधीलमाशी आहे, ती मात्र लांबून. ओढ्याचा काठ कापलेला असेल किंवा कुठे विहिरीचं काम चालू असेल तर लांबून, तुमचा हात धरून, थर दाखवा. तेच तिच्या पुस्तकातलं छेदाचं पान.

दात पडायला लागले की "उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे" म्हणत दात टाकायची पद्धत तुमच्याकडे असेलच. तेव्हा तिला सांगा की उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत कुरतडावं लागतं. आपल्या पूर्वजांनी दात मागायला माणूस बरोबर निवडला होता.

बिस्किटांचं राहिलं. ती बंद करा. बिळाशी खाऊ ठेवायची सवय लागली की तिथे पडलेला दुसरा खाऊही तिला आपलाच वाटेल, आणि तो विषाचा असू शकतो. त्याऐवजी आजोबांना सांगा, औषध न टाकलेल्या बांधावरचं एक जिवंत बीळ निवडा. संध्याकाळी त्याच्या तोंडाबाहेर वीतभर जागेत चुलीतली थंड राख चाळून पसरा. राख आजोबांनी टाकायची, तिने मागे उभं राहायचं. सकाळी ऊन वर यायच्या आत दोघांनी जाऊन बघायचं. उंदराच्या पुढच्या पायाचा ठसा चार बोटांचा उमटतो, मागच्या पायाचा पाच. मधून कधी शेपटीची रेघ असते. बोटं तिला मोजू द्या, आणि तो ठसा तिच्या पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर तिलाच काढू द्या.